दोन पॉइंट

खरांगण्याच्या फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान.
एक कॉम्प्रेसर, एक घमेलं पाण्याचं,
आणि कडुनिंबाला टांगलेलं ट्रकचं जुनं टायर,
त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं एकच शब्द: हवा.

मे महिन्यात कोणी म्हणालं, टाक अजून दोन पॉइंट,
तर मी नळी काढून घेतो.
जास्त भरलेलं टायर दुखत नाही.
उलट छान दिसतं, ताठ,
मांडवात उभ्या नवरदेवासारखं.

उईके सिस्टरनं माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला
आणि रबरी फुगा दाबायला लागली
तेव्हा मला हसूच आलं.
जन्मभर दुसऱ्यांची हवा मोजणारा माणूस
स्टुलावर बसलाय, बाही वर करून.
सुई एकशे ऐंशीपाशी थरथरली.
"दौलतभाऊ, डोकं दुखते काय?"
नाही.
"चक्कर?"
नाही.
दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. तेवढंच.
मग डॉक्टरनं चिठ्ठी लिहिली,
आणि गुडघ्यासाठी किराण्यातून आणायचो ती लाल गोळी
खोदून खोदून विचारून बंद केली.
मी ती सांगितलीच नव्हती.
दहा रुपयाला मिळते तिला कोण औषध म्हणते?

शेषराव छोटा हत्ती चालवतो. म्हणाला,
"मलेबी मान जड वाटते बे. दे चार गोळ्या तुह्या पाकिटातल्या."
मी ट्रकची ट्यूब त्याच्यापुढं टाकली:
"भर हे तुह्या सायकलीत."
शिव्या देत गेला.
पण सोमवारी पीएचसीच्या रांगेत दिसला.

एकदा मोर्शीला लग्नात गोळी राहून गेली.
घरी येऊन दोन एकदम घेणार होतो,
वनमालानं मनगट धरलं:
"उधारी हाय काय ते, फेडाले?"

आणि सुरुवातीला, उकिडवा बसलेला उठलो
की समोरचा रस्ता काळा व्हायचा.
फेकून द्यावी वाटली. फेकली नाही, सांगितलं.
डॉक्टरनं मात्रा बदलली.
आता मी जॅकसारखा उठतो,
एक एक दाता.

परवा सुई एकशे तीसवर येऊन थांबली.
सिस्टर हसली.
आणि मला क्षणभर वाटलं, झालं की आता.

अगदी हेच देवरावभाऊला वाटलं होतं.
दुकान तेव्हा त्याचं.
चार महिने घेतली, सुई जागेवर आली,
म्हणाला, "मले काईच होत नाई, मंग गोळी कायले?"
ट्यूब गळत नाही म्हणून
कोणी पॅच उपटून पाहतं का?
त्यानं पाहिला.
एका सकाळी ट्रॅक्टरचं चाक भरता भरता
नळी त्याच्या डाव्या हातातून निसटली.
फुटल्याचा आवाज झाला नाही.
मी टायरकडेच पाहत राहिलो.
टायर शाबूत होतं.

आता रात्री, जेवणं झाली की
भाऊ बाजेवर बसतो, उजव्या हातात पाकीट.
आधी माझी गोळी काढतो.
लई वेळ लागतो. अंगठा घसरतो,
चांदी कुरकुरते, कुत्रं कान टवकारतं.
मी हात लावत नाही.
काढून माझ्या तळव्यावर ठेवतो,
मग त्याची त्याची.
पाणी पिऊन होईपर्यंत माझ्या गळ्याकडं पाहतो,
गिळली का म्हणून,
आणि काहीतरी बोलतो, ओठाच्या एकाच बाजूनं.
हवा म्हणतो, की हाव म्हणतो,
तीन वर्षं झाली,
मला अजून कळलेलं नाही.
मी दोन्हीला मान हलवतो.