तळाची तीन बोटं

मार्च सरत आला की, वितळण सुरू व्हायच्या आत
आम्ही निघतो. स्नोमोबाइलला बांधलेली घसरगाडी,
तिच्यात नळी, फावडं, चाळीस पिशव्या,
आणि दुसऱ्या थांब्यापर्यंतही न पुरणारी कॉफी.

नळी उभी धरायची. जरा कलली की हिशेब चुकला.
अंगाचं वजन टाकायचं:
वर पिठासारखं काल रात्रीचं,
मग जानेवारीतल्या उबदार आठवड्याची पापडी
(इथे नळी कुरकुरते, दात लागल्यासारखी),
आणि खाली नोव्हेंबर, जाड साखरेसारखा रवाळ.
पाच महिने आभाळानं जे सांडलं
ते एवढ्याशा वर्तुळात उभं.

शेवटची तीन बोटं मात्र खरवडून टाकायची.
तिथे शेवाळ लागतं, माती लागते,
जुनं वर्ष नव्याच्या खात्यात घुसतं.

लैसा बारुक स्कीवर रेलून बघत होती.
तिची रेनडिअरं पलीकडे खुरांनी बर्फ उकरत होती
त्याच शेवाळासाठी.
"एकोणीसची होते मी," ती म्हणाली, "शहाऐंशी साली.
पाऊस पडला. साधाच.
शरदात कापलेल्या मांसावर त्यांनी निळा रंग ओतला,
कुणी चोरून खाऊ नये म्हणून.
आईनं तो रंग हातावरून तीन दिवस घासला."

मी तिला सांगितलं, आता काय सापडतं ते:
बेरिलियम, फार वरचं, कोवळं,
त्रेपन्न दिवसांत निम्मं उरणारं,
उमेओच्या तळघरात पोचेस्तोवर ओसरू लागलेलं.
शिसं, म्हणजे जमिनीनंच सोडलेला श्वास,
वर फिरून घरी आलेला.
आणि सीझियम? त्या रकान्यात बहुतेक आडवी रेघ.
आभाळ स्वच्छ आहे, मी म्हणालो,
थोड्या अभिमानानं, जणू मीच झाडलं होतं.

तिनं माझ्या पायापाशी बघितलं.
खरवडलेला गोळा तिथे पडला होता,
करडा, एक हिरवट काडी चिकटलेला.
"आणि हे?"
हे आमच्यात धरत नाहीत, मी म्हणालो.

ती वाकली. हातमोजा काढून तो उचलला,
खड्ड्यात परत ठेवला, स्कीच्या टोकानं वर बर्फ ओढलं,
आणि कळपाकडे निघून गेली.

पिशवी तेवीस. खोली एक्क्याण्णव. वारा वायव्येचा.
शेऱ्याच्या जागी पेन्सिल बराच वेळ थांबली
(पेन तर सकाळीच गोठलं होतं).
मग लिहिलं:
तळाची तीन बोटं लैसाकडे.