उजेडासमोर

एकतीस वर्षं नोटा तपासल्या मी प्रेसमध्ये.
नाशिकरोडच्या भोंग्यावर उठलो, भोंग्यावर जेवलो.
फाकलेली शाई, सरकलेला आकडा,
कोपऱ्यात केसाएवढी रेघ.
अंगठ्याखालून ताव जायचा
आणि चूक बोटाला आधी कळायची, डोळ्याला मागून.

आता माझाच ताव कुणीतरी तपासलाय.
उजव्या फुप्फुसात, खालच्या अंगाला,
हरभऱ्याएवढं काहीतरी.
"गुरुवारी तुकडा काढून बघू," डॉक्टर म्हणाले
आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तेव्हापासून रात्री तीनला जाग येते.
जेलरोडवरून कांद्याचा एखादा ट्रक जातो,
खिडकीची काच थरथरते, मग थांबते.
मी थांबत नाही.
शेजारी सगुणा, तोंडाशी पदर.
तिचे श्वास मोजतो.
शंभराची गड्डी होते. पुन्हा एकपासून.

प्रार्थनेला तोंड उघडावं
तर पाठ झालेली वाक्यं येतात,
दुसऱ्यांच्या मयतीला म्हटलेली.
शरणपूरच्या दफनभूमीत, ओल्या मातीच्या ढिगाशी,
किती घरांना सांगितलं मी :
तो गेला नाही, पोचला.
आवाज कधी कापला नाही माझा.
कापेल कसा?
खड्डा दुसऱ्याचा होता.

रविवारी उपासना सुटल्यावर
रणभिसे मास्तरांनी पाठीवर थाप मारली,
"विश्वासणाऱ्याला कसलं भय?"
मी हसलो. चहा घेतला. निम्मा बशीत सांडला.

राहेलमावशी ऐकत होती, चपला शोधता शोधता.
ब्याऐंशी वर्षांची, मिशनच्या दवाखान्यात दाई होती.
दोन लेकरं पुरलीत तिनं, वर नवरा.
पायरीवर मला म्हणाली,
"मास्तर काठावर उभा राहून सांगतोय रे,
पाणी कोमट आहे म्हणून.
तुला भ्या वाटतं ना? मग तसंच सांग त्याला.
येणारं पोर रडतच येतं.
शेकड्यांनी झेललीत मी.
एकालाही ठाऊक नसतं
की खाली हात धरलेत."
मग तिला चप्पल सापडली, आणि ती गेली.

त्या रात्री तीनला मी वाक्यं बाजूला ठेवली.
म्हटलं, प्रभू, मला भीती वाटते.
सुईची वाटते. नळीची वाटते.
सगुणेला बँकेतलं काही कळत नाही, त्याची वाटते.
पेटीवर पहिली मूठ पडते
तो आवाज आतून कसा येत असेल, त्याची.
आणि, हे मी कुणाला बोललेलो नाही,
पलीकडे कुणीच नसेल, याचीही.

उत्तर आलं नाही.
पण कुणीतरी गप्प बसलेलं असणं
आणि कुणीच नसणं,
यातला फरक अंधारातही लागतो हाताला,
खरा कागद लागतो तसा.
तूही एका रात्री बागेत घामानं भिजला होतास
आणि सोबतीला आणलेले झोपले होते.
चाळीस वर्षं हे वाचत आलो.
त्या रात्री पहिल्यांदा
सगुणेच्या कुशीबदलाच्या आवाजात ऐकलं.
काच परत थरथरली.
पुढचं आठवत नाही, झोप लागली असावी.

गुरुवार. द्वारकेच्या अलीकडे रिक्षा थांबली.
सगुणेच्या मांडीवर फाइल, त्यात माझी काळी फिल्म.
खिशातून शंभराची नोट काढली
आणि सवयीनं उन्हासमोर धरली.
नुसती बघितली तर ती जागा कोरीच असते.
उजेड मागून यावा लागतो,
मग कागदात आधीपासून असलेला चेहरा वर येतो.

"खोटी आहे का, काका?"
"नाही रे. बघत होतो."

हात थरथरत होता, नोटही.
त्यानं सुट्टे दिले, मी मोजले.
दहा जास्त आले होते.
परत केले.