हातोडा नसतो

"हातोडा नसतो," बाबा म्हणतात,
पडद्यावरच्या न्यायाधीशाने तो उचलायच्या आधीच.
"इंग्लंडच्या कोर्टात हातोडा नसतो. सुताराकडे असतो."
आणि चहा बशीत हिंदकळतो.

लीड्सच्या कोर्टात एकतीस वर्षं
पुकारा केला त्यांनी, काळा झगा घालून,
साक्षीदारांच्या हाती बायबल देत.
आता गुरुवारची दुपार, हीटरजवळ पाय,
हाच कृष्णधवल सिनेमा अकराव्यांदा
आणि मांडीवर वही.

"ज्यूरी मोज."
मोजते. बारा.
वकील घसा खाकरतो, कॅमेरा परत फिरतो. अकरा.
मिशीवाला कुठे गेला?
"सिगरेट ओढायला. लिही, चूक चार."
वकील येरझाऱ्या घालतो: पाच.
"हरकत आहे!" असं छपराला ऐकू जाईल इतकं ओरडतो: सहा.
साक्षीदार खिशातून खुनाचं पिस्तूल काढतो
तेव्हा बाबा नुसते माझ्याकडे बघतात.
सात.

विगवरचा काळा रुमाल तेवढा बरोबर,
एक टोक पुढे, कपाळावर.
"कुणीतरी माहीतगार होता स्टुडिओत," बाबा पुटपुटतात.
"बिचाऱ्याचं बाकी ऐकलं नसेल कुणी."

मग गुरुवारी शिक्षा, शुक्रवारी फाशी.
भिंतीवर दोराची सावली, चर्चची घंटा, समाप्त.
मी पेन धरून बसलेय.
"बाबा, दुसऱ्याच दिवशी?"

"तीन रविवार," ते म्हणतात. "मध्ये तीन रविवार
जाऊ द्यावे लागत."
टीव्हीवर साबणाची जाहिरात.

"क्लिफर्ड हेपवर्थ. मीच पुकारलं होतं त्याला.
त्याची आई आर्मलीच्या तुरुंगाच्या फाटकाशी उभी असायची.
माझा चॅपलचा रस्ता तोच.
पहिल्या रविवारी तिने विचारलं,
कोर्टात माझी छत्री राहिली का हो?
दुसऱ्या रविवारी नेऊन दिली.
तिसऱ्या रविवारी पाऊस होता.
छत्री होती हातात. मिटलेली."

बशीतला चहा ते परत कपात ओततात,
एक थेंब न सांडता. हात कापत नाही.
मी विचारत नाही, आठ लिहू का.

"मागे ने गं," म्हणतात.
"ज्यूरीपासून लाव.
तो मिशीवाला
मला एकदा नीट बघू दे."