पंच नंबर दोन

फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान.
वर पलूस, उगवतीला तासगाव,
खाली सांगली, मावळतीला भिलवडी.
चार रस्ते माझ्या हवेच्या टाकीपाशी भेटतात,
कधी कधी जोरात.

म्हणून पंच नंबर दोन नेहमी मीच :
अस्लम बाबासाहेब शिकलगार, वय चोपन्न, धंदा टायर दुरुस्ती.
हवालदार ऐनापुरे टेपचं एक टोक माझ्या हातात देतात,
फूटपट्टीनं नकाशा काढतात,
आणि मग ते वाक्य, हाताला पाठ झालेलं :
रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून,
हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात.
मी सही करतो. कागदावर वंगणाचा डाग पडतो.

परिस्थिती काय होती, ते कुणी लिहीत नाही.

भाद्रपदात खोतांचा ऊस कोपऱ्यावर पुरुषभर उंच असतो,
तासगावहून येणाऱ्याला पलूसचा रस्ताच नसतो तेव्हा.
'थांबा'च्या पाटीवर वाढदिवसाचा फ्लेक्स,
अकरा जण हात जोडून हसतायत.
साडेपाचला भिलवडीकडं तोंड केलं
की सूर्य काचेला पिवळं रोगण फासतो.
गतिरोधक आहे, त्याचे पांढरे पट्टे चाकांनी कधीच नेले.
ट्रॉलीला मागं दिवा नाही, वाढ्यात खोचलेली लाल चिंधी आहे.
रात्री ती काळी.

"अस्लमभाई," ऐनापुरे म्हणतात, "रकाना एवढाच हाय."

पौषात टोळी आली, ऊस गेला.
चारी रस्ते तळहातासारखे उघडे.
सुटलो म्हटलं, खुर्ची बाहेर काढली.

तिसऱ्या दिवशी, लख्ख दुपारी,
पलूसकडून पांढरी मोटार, तासगावकडून हळदीचा टेम्पो.
दोघांनी एकमेकांना पाव किलोमीटरवरून पाहिलं.
मीही दोघांना पाहिलं.
दोघंही जरा कचरले.
मग दोघांनाही एकदमच वाटलं,
तो थांबतोय.

पोती फुटली. डांबर पिवळं झालं.
मोटारीतल्या मगदूम बाई, शाळेत शिकवणाऱ्या,
कपाळापासून कोपरापर्यंत हळदीनं माखलेल्या,
जिवंत, एकच विचारत राहिल्या :
"तो थांबत होता ना हो? तुम्ही बघितलंत ना?"
टेम्पोवाला अथणीकडचा पोरगा,
एक हात दुसऱ्या हातात धरून
बहुतेक तेच विचारत होता, कन्नडमधून.

मी टेप धरला. हयगयीने, अविचाराने.
ह्या वेळचा डाग पिवळा.

रात्री दुकान ओढून एम-ऐंशी काढली.
वीस वर्षांचा फाटा, डोळे मिटून ओलांडेन असा.
उजवीकडं एक दिवा.
लांब आहे, मी मनात म्हणालोसुद्धा,
मूठ अर्धी पिळलीसुद्धा.
मग पाय खाली टेकवला.

दिवा आला. गेला.
वाऱ्यानं शर्ट फडफडला.

मागून कुणीतरी हॉर्न दाबत होतं,
मी का थांबलोय म्हणून.