शिक्क्यांची वही

अनुग्रह स्पेनहून आला तो टाचांना पट्ट्या लावून.
एकतीस दिवसांत सातशे ऐंशी किलोमीटर,
संत याकोबाच्या थडग्यापर्यंत.
मला एक शिंपला दिला, एक कोरी घडीची वही.
म्हणाला, आत्या, वाटेतल्या गावागावांत
शिक्के मारून देतात हिच्यात.
एक जास्तीची मिळाली, म्हणून आणली.

माझ्या डाव्या गुडघ्यात वंगण उरलं नाही म्हणे.
ट्रंक एक्स्चेंजात तेहतीस वर्षं
मी बसल्या जागी जग जोडलं :
गुलबर्गा बोला, मस्कत बोला, तीन मिनिटं झाली.
आणि स्वतः गेले कुठं?
विजापूरला. एका लग्नाला.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, ऊन तापायच्या आत,
पिशवीच्या बंदाला शिंपला बांधून निघाले.
रंगभवन ते सात रस्ता, आणि मागं.
दीड किलोमीटर.
वहीच्या हिशेबानं पिरेनीजचा पायथा.
घामानं चष्मा घसरत होता.

पहिला शिक्का पिठाच्या गिरणीचा : पैसे मिळाले.
दुसरा गुरांच्या दवाखान्याचा, तिथं कुणी काही विचारलंच नाही.
पोस्टातल्या पोरानं नियम सांगितला,
मग इकडंतिकडं बघून तारखेचा ठसा हाणला.
चादरीच्या दुकानात मिळाला तो लांबलचक :
विकलेला माल कोणत्याही सबबीवर परत घेतला जाणार नाही.
तो मी बराच वेळ वाचत उभी राहिले.

पाळकसाहेबांनी भक्तीनंतर बाजूला घेतलं.
ओहोळबाई, आपल्यात संतांची थडगी पुजत नाहीत.
म्हटलं, पुजायला कोण निघालंय,
मी नुसती चालतेय.

शेजारच्या बसव्वानं वही उलटीपालटी करून बघितली.
आमच्या सिद्धरामानं, ती म्हणाली,
गावाभोवतीच अडुसष्ट लिंगं ठेवली बगा.
लांब जायचं कामच नको.
मग चपला घालून माझ्याबरोबर निघाली, कंबर तलावापर्यंत.
तिच्या सुनेच्या तक्रारीत दोन किलोमीटर गेले,
त्या दिवशी गुडघा दुखल्याचं आठवत नाही.

अनुग्रह सांगत होता, मध्ये एक पठार लागतं.
दहा दिवस नुसतं सपाट रान,
झाड नाही, आडोसा नाही, डोकं फिरतं.
पुष्कळ जण तिथं बस पकडतात.
मला हसू आलं.
ते रान मला पाठ आहे, बाळा.
माझा जन्मच तिथला.

ते पठार मी पूर्व भागातनं पार केलं.
दारादारातनं मागांची खटखट,
उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाया.
बसव्वा म्हणते, निधान, अक्का.
सायम्मा सुपावरची मान न उचलता म्हणते, मेल्लगा, अम्मा.
डॉक्टर म्हणतात, सावकाश.
एवढ्या भाषांत एकच गोष्ट सांगणारं गाव
दुसरं असलं तर मला माहीत नाही.

सायम्माकडं शिक्का नव्हता.
तिनं वही घेतली, अंगठा तंबाखूत दाबला,
जिभेवर ओला केला
आणि रकान्यात टेकवला.
तपकिरी. रेषा न् रेषा उमटलेली.
अजून वास येतो त्या पानाला.

दुसऱ्या वर्षीचा ईस्टर वाटेतच गेला.
आता सहा किलोमीटर उरलेत. सहाच.
रोजच्या चालीनं चार दिवस.
तीन आठवडे झाले, मी भुईकोटाच्या खंदकाशी बसून परत येते.
आज एक खारूताई बघितली. काल काहीच नाही.
वहीत एकच चौकोन रिकामा आहे,
तो कुणाला द्यायचा ते ठरत नाही.
एकदा वाटलं, एक्स्चेंजच्या बंद दाराला.
पण दाराकडं कुठला आलाय शिक्का.

रविवारी फोन येतो. आत्या, पोचलीस का?
मागं पुण्याची रहदारी, गाड्यांचे हॉर्न.
मी पाय स्टुलावर घेते,
घसा खाकरून तो जुना आवाज लावते.
लाइनवर थांबा, म्हणते.
जोडतेय.