दोन फेरे हातानं

मे महिन्यात सावद्याला गाडी खोलायची
तर पहाटे चारला. आठनंतर पाना हातात धरवत नाही.
लेक पुण्याहून म्हणाली, गॅरेजला टाक ना आई.
गॅरेजवाल्यानं नऊ हजार सांगितले,
इंजिनाकडे न बघता,
माझ्याकडे बघून.

इंडिका वीस वर्षांची. दोन महिने
तिच्या पोटाखाली काळा डाग, आधी भाकरीएवढा,
मग परातीएवढा. सील गेलेत.
तेल ठिबकतं ते थेट टायमिंग पट्ट्यावर,
आणि तो तुटला की वरचे वाल्व, खालचे पिस्टन
वेळ चुकून एकाच जागी येतात
आणि एकमेकांचं डोकं फोडतात.

उजवं चाक काढलं. जॅकच्या जोडीला सागाचा ठोकळा,
जॅकवर माझा विश्वास नाही.
क्रँकच्या बोल्टला पाना लावला,
पान्यावर हातपंपाचा पाइप चढवला,
जोर दिला तर अख्खं इंजिनच फिरलं.
पाचव्या गियरमध्ये टाकून
कुणीतरी ब्रेक दाबून धरायला हवा.
कुणीतरी.

भिंतीपलीकडे सुपडूआप्पा नारखेडे
खाटेवर जागेच होते. खोकला ऐकू येत होता.
चार वर्षं आमचं बोलणं नाही,
नळाची लाइन कुणाच्या हद्दीतून जाते यावरून.
मी भिंतीवरून नुसता टॉर्च मारला.
ते आले. लुंगी सावरत सीटवर बसले,
मी बोट दाखवलं, त्यांनी पाय दाबला.
बोल्ट सुटला तेव्हा असा आवाज झाला
की निंबावरचे बगळे उठले.

आप्पा उतरले, पण गेले नाहीत.

पट्टा काढण्याआधी खुणा. वर एक, खाली एक.
व्हाइटनर वाळून गेलेलं. आप्पांनी कमरेची डबी काढली
आणि चुन्याचं बोट माझ्यासमोर धरलं.
दात पांढरे केले.

जुनं सील पकडीनं उपटलं, अक्कलदाढ उपटावी तसं.
रबर पापडासारखं कडक, हातातच मोडलं.
नवं मऊ, आतल्या ओठाला
केसाएवढ्या तारेची स्प्रिंग.
त्याचं काम एवढंच की फिरणाऱ्याला फिरू द्यायचं
आणि आतलं आत ठेवायचं.
ओठाला तेल लावलं. सरळ बसवायला
सव्वा इंची कपलिंग लागलं,
त्याच लाइनीतून उरलेलं.
आप्पांनी ते ओळखलं असणार. बोलले नाहीत.
हलक्या हातानं ठोकत गेले, चारी बाजूंनी, सारखं.

नवा पट्टा चढवला. टेन्शनर कसला.
बेचाळीस वर्षं पीठगिरणी चालवलेल्या माणसानं
अंगठा आणि तर्जनीत पट्टा धरून
पीळ देऊन पाहिला.
"ढिल्ला हाये."
चार वर्षांतले पहिले शब्द.

परत कसला. मी चावीकडे हात नेला तर म्हणाले,
"घाई कायले? पह्यले दोन फेरे हातानं फिरव.
मंग चावी."

खालचं चाक दोनदा फिरतं तेव्हा वरचं एकदा.
पाना धरून सावकाश फिरवत गेले,
कुठे अडतंय का, कान लावून.
दुसरा फेरा संपला. वरचा चुना खुणेवर,
खालचा एक दात पुढे.
एकच दात.
सगळं पुन्हा उतरवलं.
तोवर ऊन ओट्यावर आलं होतं
आणि स्टेशनकडे केळीचा पहिला ट्रक गेला.

तिसऱ्या खेपेला जुळलं. आप्पा पुन्हा ब्रेकवर बसले.
बोल्ट आवळला, चाक चढवलं, चावी दिली.
इंजिन खोकलं, मग लागलं. दोघंही
बॉनेटमध्ये वाकून बघत राहिलो,
जणू दूध उतू जाणार आहे.
चहा विचारला तर हात हलवून गेले.

खाली वर्तमानपत्र अंथरलंय.
तीन दिवस कोरडं.
चौथ्या दिवशी कोपरा ओला.
गुडघ्यावर बसून बोट लावलं, वास घेतला,
तेल नाही. पाणी.
भिंतीखालून येतंय, आप्पांच्या बाजूचा जोड गळतोय.

कपलिंग खिशातच होतं.
पाना घेतला, आणि या वेळी
भिंतीला वळसा घालून दारातून गेले.