साडेआठ आणि पाच

रीक्कानं पहिला प्लग काढून दाबमापक बसवला,
मी दोरी ओढली, चारदा.
साडेआठ.
दुसऱ्यावर पाच.
तिनं काटा माझ्याकडे वळवून धरला,
डॉक्टर एक्स-रे खिडकीकडे धरतात तसा,
आणि काही बोलली नाही.
सव्वीस वर्षांची पोर, नखांत काळं ग्रीस,
गप्प राहायचं हे शास्त्र कुठे शिकली कोण जाणे.

मग फळीवर खडूनं हिशेब.
सिलिंडरच्या भिंतीला ओरखडा आहे,
नुसत्या रिंगांनी भागायचं नाही, आतून कातावं लागेल,
आणि त्या मापाचा पिस्टन आता कारखाना काढत नाही.
स्वीडनमध्ये एकाच्या गॅरेजात एक आहे म्हणतात.
गॅस्केट, बेअरिंग, सील, मजुरी:
चौदाशे युरो.
नवं इंजिन एकोणतीसशे.
नाकापेक्षा मोती जड होतोय, कळतं मला.
पण नाक माझं आहे.

एकोणऐंशी साली प्लायवूडच्या गिरणीतल्या
पगारातून घेतलं होतं.
दुकानदारानं विचारलं, नवऱ्यासाठी की भावासाठी?
मी म्हटलं, तळ्यासाठी.

खरं तर तसं काही म्हटलं नव्हतं.
मान खाली घालून नोटा मोजल्या होत्या.
ते उत्तर सुचलं बसमध्ये,
इंजिन पायांशी उभं धरून घरी येताना,
आणि तेव्हापासून मी तेच सांगत आले.

ते सत्तावीस किलोंचं. नवं त्रेचाळीस.
ऑक्टोबर संपता संपता,
सायमाच्या कडेला बर्फाची साय धरायच्या आत
ते होडीवरून काढून शेडपर्यंत न्यावं लागतं:
बत्तीस पावलं, त्यातली सहा ओल्या शेवाळावरून.
माझ्या गुडघ्यांचा दाब अजून कुणी मोजलेला नाही.
मोजला तर
एक साडेआठ, एक पाच.

केर्त्तू फोनवर म्हणते, घेऊन टाक गं नवं,
लोण्यासारखं चालतं, आवाज म्हणून नाही.
तिथंच तर अडलंय.
चाळीस वर्षं पलीकडच्या काठावर ओइवा
माझ्या इंजिनाच्या आवाजावर कॉफीचं भांडं चुलीवर ठेवतो.
मी धक्क्याला दोर बांधेपर्यंत
ती उकळून, गाळ खाली बसून, कपात ओतायच्या बेतात असते.
ह्याचा खर्च रीक्काच्या फळीवर कुठल्या ओळीत मांडायचा?

काल वल्ही मारत गेले. पाऊण तास.
कॉफी तयार नव्हती.
ओइवा पायरीवर बसून जाळं सांधत होता,
मी अगदी जवळ जाईपर्यंत त्यानं वर पाहिलं नाही.
मी विचारलं, नवं घेतलं तर मी आल्याचं कळेल का तुला?
त्यानं कानामागे हात धरला.
काय?
दुसऱ्यांदा ओरडून विचारलं तेव्हा हसायलाच लागला.
आवाज? अगं हिल्का, गेली सहा वर्षं
मला माझी कॉफी उकळलेली ऐकू येत नाही.
मी धूर बघतो.
इतका निळा धूर ह्या तळ्यात दुसरं कुणी काढत नाही.

परतताना मी जरा रागातच वल्ही मारली.
सहा वर्षं मी वळणावर उगाच
इंजिन एकदा गुरगुरवत होते, त्याला चाहूल लागावी म्हणून.
बेटाजवळ थांबले. एक पाणकावळा बुडी मारून
भलत्याच ठिकाणी वर आला.
हात दुखत होते. मजाही वाटत होती, हे कबूल करते.

आज सकाळी रीक्काला विचारलं,
हा उन्हाळा निघेल?
तिनं खांदे उडवले. हळू चालवलंत तर.
पाणी ओढायचं रबराचं चाक तरी बदला, तडकलंय,
अठरा युरो.
मी सुटे मोजून दिले, ह्या वेळी मान वर करून.

आणि तेल, ती म्हणाली,
पन्नासाला एक घालता ना, ते चाळीसला एक करा.
दुबळ्या सिलिंडरला तेवढाच आधार.
धूर थोडा जास्त होईल मात्र.

होऊ दे.

ती फडकं घेऊन फळी पुसायला निघाली.
म्हटलं, तो स्वीडनवाल्याचा नंबर
तेवढा राहू दे.